न मोजलेलं कडं

मी तापट आहे. शाळेत शिकवायचे तेव्हाही मुली मागून मला काय म्हणायच्या ते मला ठाऊक होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण ज्या रागाबद्दल मी आता लिहितेय तो तसा येऊन जाणारा नाही. तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि मुक्कामालाच राहिला.

तेव्हा मी वसईतल्या शाळेची नोकरी सोडून मुंबईतल्या एका संस्थेत पीएच.डी.ला लागले होते. आमचं घर वसईतल्याच होळी गावात, वाडीतच. केळी, पानवेल, थोडी भाजी. नोकरी सोडली म्हटल्यावर रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपून बाहेर पडताना बायका मला गाठायच्या. "लग्नाचं सोडून करतेस तरी काय गं तिकडे?" मी सांगायचे, "लिक्विड क्रिस्टलवर लेसर सोडते." मग त्या हवापाण्याचं बोलायला लागायच्या.

खरं तर सांगायला ते कठीण नाही. त्या वेळी नवीन-नवीन आलेल्या इलेक्ट्रॉनिक घड्याळांत काळे आकडे दिसायचे, ते ज्या द्रवामुळे दिसतात त्यातलाच हा प्रकार. वाहतो पाण्यासारखा, पण आत त्याचे लांबोडके रेणू शिस्तीत उभे असतात, शेतात भात उभं असतं तसे. दोन काचांच्या मध्ये या द्रवाची पातळ फिल्म करायची आणि तिच्यातून लेसरचा हिरवा झोत सोडायचा. झोत मंद असेल तर काहीच होत नाही. समोरच्या पडद्यावर एक ठिपका पडतो, बस. झोत वाढवत जा, तरी काही नाही. आणि मग एका विशिष्ट जोराला ते उभे रेणू कलायला लागतात. प्रकाशच त्यांना वाकवतो, आणि वाकलेले रेणू उलट त्या प्रकाशाची वाट वाकवतात. पडद्यावर ठिपक्याभोवती एक कडं उमटतं. जोर आणखी वाढवला की दुसरं, तिसरं, दहावं. डोळ्यांसमोर सावकाश उमलत जातात ती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच होते आणि मोठ्याने म्हणाले, "अगं बाई!"

माझं काम होतं ती कडी मोजायचं. लेसरचा जोर किती, कडी किती, त्याचा आलेख काढायचा. आलेखातली रेघ खाली शून्यापर्यंत ओढली की कळतं, रेणू नेमके किती जोराला वाकायला लागतात. हा जोर गणिताने आधी काढता येतो. माझ्या प्रयोगातून आलेला आकडा गणिताच्या आकड्याशी जुळला तर प्रबंध पुढे सरकणार. नाही जुळला तर मार्चमध्ये शिष्यवृत्ती बंद. माझ्या मार्गदर्शकांनी, म्हणजे सरांनी, हे मला स्वच्छ सांगितलं होतं. "आकडा जुळला नाही तर मी मुदतवाढीच्या फॉर्मवर सही करणार नाही. तुमची शाळा आहेच की."

शाळा नव्हती. माझ्या जागी दुसरी बाई केव्हाच लागली होती.

आणि आकडा जुळेना. दर वेळी माझे रेणू गणितापेक्षा जास्त जोर मागायचे. थोडा नाही, चांगला डोळ्यांत भरेल इतका जास्त. सरांचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. फिल्म वाईट आहे. काच नीट धुतलेली नाही. फिल्म तुम्ही सांगता त्यापेक्षा पातळ झाली आहे. हाताला सफाई नाही. एकदा तर चारचौघांत म्हणाले, "वाडीत कुदळ धरलेले हात हे, काचेचं नाजूक काम कसं जमणार?" मी कुदळ फारशी धरली नव्हती, पण धरली असती तरी बिघडलं काय होतं? कुदळ धरणाऱ्या माणसाला सफाई लागत नाही असं ज्याला वाटतं, त्याने पानवेल एकदा बांधून बघावी. नाजूक देठ, जरा जोर पडला की खलास.

मी काचा पुन्हा धुतल्या. आम्लात, साबणात, उकळत्या पाण्यात. बोटांची सालं निघाली. काचेवर अंड्याच्या बलकात सापडतो तसल्या एका पदार्थाचा अगदी पातळ थर द्यावा लागे, म्हणजे रेणू ताठ उभे राहतात. तो थर मी इतक्या वेळा दिला की झोपेतही देता आला असता. साठाच्या वर फिल्म केल्या. चांगली फिल्म ओळखायची खूण सोपी आहे. खास सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की अंधारात एक स्वच्छ काळी फुली दिसते. माझ्या फिल्ममध्ये ती दिसायची, काठापर्यंत रेखीव. मी सरांना म्हणायचे, "सर, एकदा बघा तरी." ते म्हणायचे, "बघायचं काय त्यात? आकडाच सांगतोय ना." चौदा महिन्यांत त्या माणसाने एकदाही डोळा लावला नाही. एकदाही नाही! अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या, पण तोंडाला कुलूप लावून मी परत काच धुवायला जायचे.

मग सरांनी नवीन टूम काढली. कडी दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे मोजली पाहिजेत. एकाच माणसाच्या डोळ्यांवर भरवसा नको. म्हणणं योग्यच होतं, मला मान्य. लॅबमधले बाकीचे चौघे आपापल्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले. मी सरांनाच म्हटलं, "दोन-चार फोटो तुम्ही मोजता का?" तर म्हणाले, "मी काय कारकून आहे?"

पडद्यावरच्या कड्यांचे मी फोटो काढायचे आणि माणिकपूरच्या एका स्टुडिओतून मोठे करून आणायचे. स्टुडिओवाल्याला ते कसले फोटो आहेत याचा पत्ता लागत नसे. तो आपला दर वेळी "ताई, पुन्हा बैलाचा डोळा?" म्हणून हसायचा. सुरुवातीपासून मी ते घरीच मोजायचे, ओट्यावर बाबा पानं लावत बसलेले असत तिथे शेजारी बसून. आता तेच फोटो मी बाबांपुढे ठेवले.

बाबांइतका मोजणारा माणूस मी पाहिलेला नाही. शाळा चौथीपर्यंत, पण वेलीवरून उतरवलेल्या पानांच्या ढिगाकडे बघून किती शेकडे निघतील ते सांगायचे, आणि तेवढेच निघायचे. रविवारी मिस्सा करून आलो की न्याहारीनंतर आम्ही दोघं ओट्यावर बसायचो. आधी मी मोजायचे आणि आकडा वहीत लिहून वही मिटायचे. मग बाबा मोजायचे. पेन्सिलीचं टोक मधल्या ठिपक्यापासून बाहेर सरकवत, ओठ हलवत. आकडा फोटोच्या मागे लिहायचे, मराठी आकड्यांत, ठळक. मग वही उघडायची. आमचे आकडे जुळायचे. दर वेळी, सगळ्या फोटोंचे! बाबांना भारी अभिमान. "बघ, मुंबईचं काम पण जमतं मला." बाबा काही असं शुद्ध बोलत नसत, पण आमची घरची बोली इथे लिहिली तर वाचणाऱ्या निम्म्यांना कळायची नाही, म्हणून सरळ करून लिहितेय.

मी सरांना ते जुळलेले आकडे दाखवले. त्यांनी पानांवर न बघता सह्या केल्या आणि म्हणाले, "म्हणजे मोजणी बरोबर. राहिली फिल्म. म्हणजे चूक तुमच्या हातांत."

आता इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे वाडीतलं काहीही मोजताना पहिला नग देवाचा. पानं शेकड्याने बांधायची, तर हातात आलेलं पहिलं पान बाजूला ठेवायचं आणि दुसऱ्या पानापासून एक म्हणायचं. पुढचा शेकडा घेतला की परत तसंच. बाजूला पडलेली ही पानं शेवटी टोपलीवर तशीच पसरून बाजारात जायची, घेणाऱ्याला फुकट. अंडी, केळी, वांगी, सगळ्याला हीच रीत. आजोबांपासूनची, कदाचित त्यांच्याही आधीपासूनची. मी चालायला लागले तेव्हापासून बाबांच्या मांडीला मांडी लावून तशीच मोजायला शिकले. वर्गात हजेरी घेताना मी कधी पहिल्या मुलीला गाळलं नाही, बँकेत कधी पहिली नोट सोडली नाही. पण ओट्यावर, बाबांच्या शेजारी, हातात काही घेऊन मोजायला बसलं की ते आपोआप व्हायचं. त्यातून पहिलं कडं म्हणजे ठिपक्याला चिकटलेलं, धूसर. ते सोडून पुढे जायला डोळ्याला काही अडचण नव्हती. मी ते सोडायचं असं कधी ठरवलंच नव्हतं, म्हणून वहीतही कुठे लिहिलेलं नाही.

चूक पकडली आईने. आई पाचूबंदरची, कोळ्यांची मुलगी. तिच्या माहेरी मासळी मोजताना कुणी देवाला असं बाजूला काढत नाही, तिथे एक म्हणजे एक. आमच्या रीतीला ती आयुष्यभर नाक मुरडत आली. फेब्रुवारीतला रविवार होता. मी फोटो ओट्यावर पसरलेले, ती सूप घेऊन जाताना थांबली. सगळ्यात मंद झोताचा एक फोटो होता, त्याच्या मागे बाबांच्या हातचा शून्य. आईने तो उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"यो शून्य कसा गो? ह्यात येक कडा हाय ना."

मी म्हटलं, "आई, ते पहिलं असतं, ते धरायचं नसतं."

"का नाय धरायचा?"

मी फोटो तिच्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. का नाही धरायचं? कुणी सांगितलं होतं? कुठल्या पुस्तकात होतं? मी सगळे फोटो ओढून घेतले आणि मोजायला बसले. प्रत्येकात एक जास्त. एकेका टिंबाला एक घर वर चढवलं, आलेखाच्या कागदावर पट्टी ठेवली, रेघ खाली ओढली. ती गणिताच्या आकड्यावर जाऊन टेकली. इतकी नेमकी की मला वाटलं, मीच ढकलली. पुन्हा काढली. तिथेच टेकली.

आनंद झाला, नाही कशाला म्हणू? मिनिटभर झाला असेल. मग ते साठ-सत्तर काचांचे तुकडे आठवले, ती सोललेली बोटं आठवली, कुदळ आठवली, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा समोर पानं लावत बसले होते, त्यांना काहीच समजलेलं नव्हतं. मी ओरडले. शेजारची बाई कुंपणापाशी उभी होती, तरी ओरडले. "तुमच्या देवाने माझं वर्ष खाल्लं! एक कडं सोडलं नसतं तर काय बिघडत होतं त्याचं? माझं आयुष्य मातीत घातलंत तुम्ही!"

बाबांनी हातातली पानं खाली ठेवली आणि विहिरीकडे निघून गेले.

आई म्हणाली, "तू पन तशीच मोजलीस ना गो? मग त्याला कशाला बोलतेस?"

बरोबर होतं ते. मी तिलाही दोन शब्द सुनावले.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. लपवता आलं असतं, नवीन फिल्मवर नवीन आकडे म्हणून दाखवता आले असते. पण मला ते सांगायचंच होतं. कारण मोजणी चुकली होती याचा सरळ अर्थ असा, की काचा चांगल्या होत्या. पहिल्या दिवसापासून. मला तेवढं एक वाक्य त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

सरांनी आलेख पाहिला आणि खूश झाले. "वा! हे मी म्हणतच होतो, सिद्धांत पक्का आहे आपला." मग देवाच्या वाट्याची गोष्ट ऐकून खो खो हसले. चहाच्या वेळी ती त्यांनी सगळ्यांना रंगवून सांगितली. "बाईंच्या घरी लेसरमधून पण देवाला नैवेद्य जातो!" लोक हसले. मीही ओठ ताणले. नंतर केबिनमध्ये जाऊन विचारलं, "सर, म्हणजे काचा ठीक होत्या ना?"

"आता तो प्रश्नच कुठे उरला?" असं म्हणून ते फोनकडे वळले. मुदतवाढीचा फॉर्म टेबलावर तसाच पडलेला, सहीविना. म्हणाले, शिष्यवृत्ती समितीची बैठक जवळ आली की बघू.

आठवडा गेला. घरी बाबा माझ्याशी लागेल तेवढंच बोलत होते आणि मी माफी मागायची सोडून उलट फुरंगटून बसले होते. मग एक दिवस मी काचा धुवून लॅबमध्ये परत आले, तर सरांच्या केबिनचं दार उघडं. आत खुर्चीच्या अगदी कडेला बाबा बसलेले. अंगात मिस्साला घालायचा काळा कोट, पायांशी पिशवी. मला न सांगता, पत्ता विचारत विचारत आले होते. संस्थेत पाय ठेवायची त्यांची पहिलीच वेळ.

ते उभे राहिले आणि सरांपुढे हात जोडले. घरची बोली सोडून, एकेक शब्द जपून टाकत बोलत होते. "साहेब, चूक माझी आहे. मोजणारा मी. पोरीच्या हातात खोट नाही. तिला माफ करा. आमच्यामुळे तुमचा फार वेळ गेला."

आणि सरांनी काय करावं? सरांनी माफ केलं! खुर्चीवरून उठले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, होतं असं. बसा, चहा घ्या. आम्ही तिला कुठे काय बोललो? मुलगी हुशार आहे तुमची. जरा तापट आहे, एवढंच."

"माझ्यावर गेलीय," बाबा म्हणाले आणि हसले. उभ्या आयुष्यात बाबांनी कुणावर आवाज चढवला नव्हता.

मी दारात उभी. हातातून पाणी निथळत होतं. त्या क्षणी मला आत जाऊन टेबलावर मूठ आपटायची होती. सांगायचं होतं की बाबा, हात खाली घ्या, माफी यांनी मागायची आहे, चौदा महिने यांनी एक फोटो मोजला नाही, एकदा डोळा लावला नाही, आणि वर माझ्या हातांना नावं ठेवली. शब्दन् शब्द तोंडात तयार होता. पण सरांनी बाबांशी बोलता बोलता तो फॉर्म पुढे ओढला होता आणि पेनचं टोपण काढलं होतं.

मी म्हणाले, "बाबा, चला, गेटपर्यंत सोडते."

सही झाली. आकडा जुळल्यावर ती कधी ना कधी व्हायचीच होती, पण बाबांच्या देखत झाली, म्हणून बाबांना वाटलं, आपल्या बोलण्यानेच झाली. गेटशी येऊन म्हणाले, "देवमाणूस आहे गं तुझा सर. मी किती घाबरलो होतो. एका शब्दाने बोलला नाही मला." चेहरा इतका मोकळा झाला होता त्यांचा. मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? की तुम्ही हात जोडलेत ते फुकट जोडलेत?

त्या वर्षीपासून बाबांनी नाताळला सरांसाठी सुकेळी पाठवायला सुरुवात केली. राजेळी केळी स्वतः निवडून, स्वतः उन्हात वाळवून. केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपात नीट गुंडाळून सुतळीने बांधलेलं पुडकं. पहिल्या वर्षी प्रबंध सरांच्या हातात अडकला होता. दुसऱ्या वर्षी परीक्षकांची नावं सर सुचवणार होते. तिसऱ्या वर्षी नोकरीसाठी त्यांचं शिफारसपत्र हवं होतं. सर पुडकं हुंगून म्हणायचे, "वा, वसईचा माल! बाबा बरे आहेत ना?" मी म्हणायचे, "हो सर, तुमची फार आठवण काढतात."

बाबा गेले तोपर्यंत हे चालू होतं. शेवटपर्यंत ते सरांना देवमाणूसच म्हणत राहिले. सरांवरचा माझा राग आता जुना झालाय, त्यांच्यासारखी माणसं पुढे पुष्कळ पाहिली. पण ते पुडकं वसईहून त्यांच्या टेबलापर्यंत दर वर्षी मी नेलं. माझ्या हातांनी नेलं, हसून दिलं. स्वतःवरच्या या रागाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.